रुमालाखालचा शब्द

परवा माझा पुतण्या सल्ला विचारायला आला. पुण्यात नोकरी करतो. दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलंय, पण इथलं प्रमोशन मार्चमध्ये होणार असं साहेब म्हणतात. तेवढं पदरात पाडून घेऊन मग जावं, की आत्ताच जावं? प्रश्न साधा होता. मी मात्र असा काही भडकलो की पोरगं अर्धा चहा तसाच ठेवून उठलं. आतून बायको म्हणाली, "त्याच्यावर कशाला वरडताय? ह्यो नानांवरचा राग हाय."

खरं आहे. नाना खराड्यांवर माझा अजून राग आहे. माणूस गेल्यावर राग सोडून द्यावा म्हणतात. मी सोडलेला नाही.

नाना सांगलीत एका हळद-मिरचीच्या कारखान्यात खरेदीचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. माझं गाव कवठे महांकाळच्याही पलीकडे, कुसळं उगवतात तिकडे. बाप मेंढरं राखायचा. बीकॉम झालो ते रात्री हमाली करून नव्हे, दिवसा बाजारात दलाली करून. शेळ्या, कोंबड्या, जुन्या सायकली, जे हाताला लागेल ते इकडचं तिकडे विकलं. कारखान्यात मुलाखतीला गेलो तेव्हा मालकांनी पगार सांगितला आणि मी तो तिथल्या तिथे वाढवून मागितला. मालकांशेजारी एक उंच, हडकुळा माणूस बसला होता. खांद्यावर पांढरा शुभ्र, टॉवेलएवढा रुमाल. तो हसला आणि म्हणाला, "मालक, ह्याला घ्या. जो सोताला सस्तात इकत न्हाई, त्यो आपला माल सस्तात देनार न्हाई."

हे नाना. मला नोकरी त्यांच्यामुळे मिळाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला उपकाराची आठवण करून द्यायला नको.

त्या रुमालाबद्दल सांगायला हवं. सांगलीच्या हळद बाजारात उघड लिलावाचा नियम आला होता, तरी जुनी मंडळी हातावरच सौदा करायची. अडत्या ढिगाशी उभा राहायचा, हातावर रुमाल टाकायचा. एकेक खरेदीदार पुढे येऊन रुमालाखाली त्याची बोटं दाबायचा. किती बोटं, कुठल्या पेराशी, यावरून भाव. तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावर रेघ नाही. आमच्याकडच्या बाजारात मेंढरांचे सौदेही असेच होत, त्यामुळे मला ते नवीन नव्हतं. बाप म्हणायचा, तोंडाचा शब्द फिरतो, बोटाचा फिरत नाही. आणि बाजारात तो खरंच फिरत नसे. एकदा बोट दाबलं आणि तासाभरात भाव कोसळला, तरी माणूस तोंड वाकडं न करता माल उचलायचा. दुसरा नियम त्याहून कडक. रुमालाखाली काय झालं ते रुमालाबाहेर सांगायचं नाही. कुणी किती भाव दिला होता हे सख्ख्या भावालाही कळता कामा नये.

नाना या दोन नियमांवर उभे होते. बाजाराबाहेरसुद्धा. त्यांना पैशाची गोष्ट चारचौघांत मोठ्याने बोलणं म्हणजे अंगावरचे कपडे काढल्यासारखं वाटे. एकदा त्यांची दाढ दुखत होती म्हणून मी त्यांना विश्रामबागेत एका नव्या दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, दवाखान्यात एसी. दाढ काढायचं ठरल्यावर नानांनी खांद्यावरचा रुमाल काढला, डॉक्टरच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. डॉक्टरला वाटलं, म्हातारा घाबरलाय. त्याने प्रेमाने नानांचं मनगट धरलं आणि नाडी बघायला लागला. दोघेही एकमेकांकडे गंभीरपणे बघत बसले. शेवटी नाना माझ्याकडे वळून, सुजलेल्या गालातून म्हणाले, "बंडगर, ह्यो भाव सांगंना की रं!"

मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. नानांनी दाढ न काढताच दवाखाना सोडला. जिथे हातावर सौदा होत नाही तिथे त्यांचा जीव रमत नसे.

त्यांच्या सवयी सगळ्या थांबण्याच्या होत्या. चहा आला की तो निवेपर्यंत बशीकडे बघत बसायचे. मी घशात ओतून मोकळा झालेला असे. हळदीचं कांडं हातात घेतलं की लगेच मोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना धरून, कानाशी नेऊन, जरा वेळ तसेच. मग कट्कन मोडायचे आणि डोळे मिटून तो आवाज ऐकायचे. शेतकरी समोर ताटकळलेला. मी म्हणायचो, "आवं नाना, बोला की. त्येला वडूजची यस्टी गाठायचीय." ते डोळे न उघडता म्हणायचे, "यस्टी दुसरी येती. भाव दुसरा येत न्हाई."

डब्यात ते एक भाकरी जास्तीची आणायचे. "चुकून आली" म्हणून माझ्या पुढ्यात ठेवायचे. पाच वर्षं रोज ती भाकरी चुकून येत होती.

त्यांच्या थांबण्यावर मी चिडायचो, पण एका दिवसाने माझं तोंड बंद केलं. हरिपूरला आमची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोल खणलेलं, आतून शेणामातीने लिंपलेलं, रांजणासारखं कोठार. हळद भरायची, तोंड बंद करून वर माती ओढायची. वर्षानुवर्षं कीड लागत नाही, रंग उतरत नाही. भाव येईपर्यंत माल जमिनीत झोपलेला असतो. तर त्या दिवशी भाव आला होता, ट्रक उभा होता, आणि मला पेव फोडून माल लगेच वर काढायचा होता. तोंड उघडलं तसे नाना त्या तोंडाशी जाऊन मांडी घालून बसले.

"नाना, सरका. गडी उतरू द्या."

"वारं जाऊ दे आत."

"ट्रकवाला खोळंबलाय. भाव पडंल."

"पडू दे."

मी खूप बोललो. गड्यांपुढे बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग कंदील पेटवायला सांगितला, दोरी बांधली आणि हळूहळू आत सोडला. कंदील अर्ध्यावर गेला आणि विझला. कुणी फुंकला नाही, वारा नव्हता. नुसता विझला. पेवात उतरायला तयार झालेला गडी माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.

नाना एवढंच म्हणाले, "माल आनि मानूस, दोनीला बाहेर काडायची येळ असती गड्या."

या एका वाक्याने माझं वाटोळं केलं. कारण त्या दिवशी ते खरं होतं.

पुढच्या हिवाळ्यात साताऱ्याहून बोलावणं आलं. तिथल्या एमआयडीसीत लोणची-मसाल्याचा नवा कारखाना निघत होता आणि त्यांना खरेदीसाठी माणूस हवा होता. माझ्यासाठी ही नुसती नोकरी नव्हती. बायको, मंगल, साताऱ्याजवळ कोरेगाव रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. तिची जिल्हाबदली होणं म्हणजे वशिल्याचं काम, आणि वशिला आमच्या सात पिढ्यांत नव्हता. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आमचा संसार शनिवारच्या संध्याकाळी सुरू होऊन सोमवारी पहाटे संपत होता. मुलगी तीन वर्षांची. तिला सांभाळायला सासूबाई होत्या, पण त्या मेहुण्याकडे राहायला गेल्या. तेव्हापासून मंगल पोरीला शाळेत घेऊन जायची. चौथीच्या वर्गात, फळ्याखाली, पोतं अंथरून बसवायची. हेडमास्तरांनी दोनदा तोंडी सांगितलं होतं, तिसऱ्यांदा वर कळवणार होते.

साताऱ्याच्या कारखान्याचे पेंढारकर म्हणून व्यवस्थापक होते. सज्जन पण घट्ट. ते म्हणाले, आत्ता आहात त्याच पदावर या, पगार थोडा जास्त देतो. मी म्हणालो, उपव्यवस्थापक करा. ते म्हणाले, "तुम्ही तिथे उपव्यवस्थापक असता तर विचार केला असता. तिथे जे पद तुम्हाला दिलं नाही ते आम्ही कसं देणार?"

बोलणं बाजाराच्या भाषेत चोख होतं. मला पटलं. सांगलीत पाडव्याला बढत्या व्हायच्या आणि त्या वर्षी माझा नंबर होता. मी नानांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणी साहेबाला हाताखालचा माणूस असं सांगणार नाही. नाना मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "जा. पन असा हात हलवत कशाला जातोस? पद घे आनि मंग जा. मानसाची किंमत त्याच्या मागच्या बाजारात ठरती. पाडव्यापर्यंत थांब."

"पाडव्याला मिळंल कशावरनं?"

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. गोदामात आम्ही दोघेच होतो, तरी त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि आत हात घालून माझी चार बोटं धरली. कारखान्यात पदांना श्रेण्या होत्या. माझी तिसरी, उपव्यवस्थापकाची चौथी. मग अंगठ्याने तळहातावर दाब दिला. बाजारात याचा अर्थ एकच, सौदा पुरा झाला.

"ह्यो शब्द माझा न्हाई," ते म्हणाले. "मोठ्या मालकांनी माझ्या हातात दिलाय, त्यो तुझ्या हातात देतोय. पाडव्याला मी जनरल मॅनेजर, तू माज्या खालोखाल."

मोठे मालक म्हणजे ज्यांनी कारखाना काढला ते. नाना त्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून होते. दोघे मिळून पोती उचलत होते तेव्हापासून. मी खात्री करून घेतली नाही. कशाला घेईन? रुमालाखाली दिलेला शब्द होता.

शनिवारी मी मंगलला सांगितलं. ती पोरीचं डोकं विंचरत होती. विंचरतच राहिली.

"पाडव्यापर्यंत म्हंजी अजून किती?"

"तीन-साडेतीन महिने."

"आनि हेडमास्तर थांबनार हायत का तवर?"

"आगं, नुसतं गेलो तर जलमभर त्याच पदावर राहीन. पद घेऊन येतो."

तिने केसांना गाठ मारली आणि म्हणाली, "पद घेऊन या, न्हायतर नुसतं या. पन या."

पेंढारकरांना मी पाडव्याची मुदत मागितली. नाखुषीने का होईना, त्यांनी दिली.

मध्येच मोठ्या मालकांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. धाकटे मालक पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आले होते, ते त्यांच्या खुर्चीत बसले. मी नानांना म्हणालो, "आता आपल्या सौद्याचं काय?" नाना म्हणाले, "मानूस पडला म्हनून सौदा पडत न्हाई." रोज संध्याकाळी ते मालकांच्या बंगल्यावर जायचे, पलंगाशी बसायचे. घरात शिरण्याआधी हातपाय धुवावेत, तसं ते न चुकता जात. धाकट्या मालकांशी एक शब्द बोलून घ्या, असं मी परोपरीने सांगितलं. "मोठं मालक असताना धाकट्यांला इचारायचं म्हंजी बापाच्या शब्दावर लेकाची सही मागायची," हे त्यांचं उत्तर.

पाडवा झाला. श्रीखंड झालं, पेढे झाले, कारखान्याच्या फाटकावर गुढी उभी राहिली. बढत्यांबद्दल कुणी काही बोलेना. चार दिवसांनी धाकट्या मालकांनी सगळ्यांना वर बोलावलं. त्यांच्याशेजारी टाय लावलेला एक पोरगा उभा होता. त्यांच्या बरोबर शिकलेला. त्याची ओळख करून देण्यात आली. उपव्यवस्थापक, खरेदी. जनरल मॅनेजर हे पद, धाकटे मालक म्हणाले, सध्या आपण भरणार नाही.

मी उभा राहिलो.

"साहेब, ही जागा मला द्यायची ठरली होती."

"कुणी ठरवलं, बंडगर?" धाकटे मालक कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे जास्तच राग यायचा.

"मोठ्या मालकांनी. नानांजवळ."

"तसं काही लिहून दिलंय?"

"आपल्या धंद्यात लिहून कधी देतात? नानांनी हातावर शब्द दिलाय मला. रुमालाखाली."

टायवाला हसला. थोडंसंच, पण हसला. धाकटे मालक नानांकडे वळले. "नाना? असं काही झालं होतं?"

सगळ्या खोलीने नानांकडे पाहिलं. नाना खिडकीशी उभे होते. त्यांनी रुमाल खांद्यावरून काढून घडी घातली, पुन्हा खांद्यावर ठेवला.

"मालक," ते म्हणाले, "रुमालाखालचं रुमालाभाईर बोलत न्हाईत."

"आवं नाना!" मी ओरडलो. "बाजार न्हाई ह्यो! व्हय म्हना न्हायतर न्हाई म्हना!"

ते व्हय म्हणाले नाहीत. न्हाईही म्हणाले नाहीत. धाकट्या मालकांनी खांदे उडवले आणि पुढचा विषय काढला.

खाली गोदामात मी त्यांना गाठलं. जे तोंडाला आलं ते बोललो. बापाच्या वयाच्या माणसाला बोलू नये असं बरंच बोललो आणि त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. सगळं संपल्यावर ते म्हणाले, "मी व्हय म्हनलं असतं, आनि त्यांनी ते मोडलं असतं, तर काय झालं असतं? पलंगावर पडल्याल्या बापाचा शब्द लेकानं चारचौघांत पायदळी तुडवला, आसं झालं असतं. आता निदान कुनाला ठावं न्हाई."

"आनि माझं काय?"

"तू तरना हाईस. थांब अजून वरीसभर. धाकटं मालक वाईट न्हाईत."

वर्षभर! माझी पोर फळ्याखाली पोत्यावर बसली होती आणि हा माणूस मला वर्षभर थांब म्हणत होता. ज्यांनी फसवलं त्यांची अब्रू झाकायला याच्याकडे रुमाल होता, माझ्यावर घालायला नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. रागात मला चांगली झोप लागते. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट लख्ख कळली, ती कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. बाजारात बोटाचा शब्द टिकतो, कारण उद्या पुन्हा तोच हात त्याच रुमालाखाली घालायचा असतो. एकदा फसवलंत की उद्या कुणी हात देत नाही. एका ढिगापुढे दहा गिऱ्हाईकं उभी असतात. नोकरीत गिऱ्हाईक एकच आणि मालही त्याच्याच गोदामात. त्याला कशाची भीती? शब्द पाळला तर मेहेरबानी, मोडला तर व्यवहार. आणि पेवातल्या हळदीला घट नाही हे खरं, पण थांबलेल्या माणसाला रोज घट आहे. त्याची पोरं वाढतात, बायको दमते, दुसरीकडची जागा भरली जाते.

साताऱ्याची जागा भरली गेलीच. मी गेलो तेव्हा पेंढारकरांनी चहा पाजला आणि वाईट वाटलं म्हणाले. त्यांची चूक नव्हती, मुदत माझीच होती. तिकडे हेडमास्तरांनी वर कळवलं. मंगलने बिनपगारी रजा घेतली, तिची वेतनवाढ पुढे गेली. जिने "नुसतं या" म्हटलं होतं तिलाच भुर्दंड बसला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी राजीनामा दिला तो टायवाल्याच्या टेबलावर. कुठलीही नोकरी हातात नसताना. नानांना सांगायला गेलो नाही. साताऱ्यात एक गाळा भाड्याने घेतला, जुनं कांडप यंत्र घेतलं, आणि हळद-मिरची कुटून द्यायला लागलो. माल घ्यायला सांगलीच्या बाजारातच जावं लागे. मला वाटलं होतं, कारखान्याचा शिक्का गेल्यावर तिथे कुणी उभं करणार नाही. पण अडत्यांनी पहिल्या दिवसापासून मला हात दिला. माल आधी, पैसे मागाहून. मी मनात म्हटलं, बंडगर, तुझी पत आहे बाजारात. छाती फुगवून हिंडलो.

दोन वर्षांनी एका अडत्याने बोलता बोलता सांगितलं. मी राजीनामा दिला त्याच आठवड्यात नाना बाजारात येऊन गेले होते. प्रत्येकाच्या गादीवर जाऊन, रुमाल टाकून, एकेकाचा हात धरून त्यांनी सांगितलं होतं, "बंडगरचा हात म्हंजी माझा हात." हे त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. अडत्याने सांगितलं, कारण तो नव्या पिढीचा होता आणि त्याला नियम तेवढे कडक वाटत नव्हते.

मग माझा राग गेला का? उलट वाढला. जो माणूस माझ्यासाठी अख्ख्या बाजारात आपला हात गहाण ठेवू शकत होता, त्याला त्या खोलीत "व्हय" हा एक शब्द बोलता आला नाही. भित्रा असता तर मी केव्हाच माफ केलं असतं.

धंदा वाढला. गाळ्याचे दोन गाळे झाले, मग एमआयडीसीत शेड झालं. मंगल आणि पोर एका घरात, माझ्यासकट. मोठे मालक वारल्याचं कळलं. नाना अजून तिथेच, त्याच पदावर, असंही कळलं. आता खरेदीचं सगळं टायवाला बघत होता आणि नाना फक्त माल उतरवताना उभे राहत होते. मला माझ्याकडे खरेदी बघायला माणूस हवा होता. मी जीप काढली आणि सांगलीला गेलो. सौदा करायचाच नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं. ते मागतील ते द्यायचं.

कारखान्यासमोर चहाची टपरी होती. नाना जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले. पाठ वाकली होती, पण रुमाल तसाच शुभ्र. मला बघून इतके खूश झाले की मी रागावलेला आहे हे मलाच आठवेना.

"नाना, जनरल मॅनेजर म्हणून या माझ्याकडं. साताऱ्यात खोली बघून ठेवलीय. उद्यापासनं या. आत्ता बसा जीपमदी."

त्यांनी चहा बशीत ओतला. निवायची वाट बघितली. मी गप्प बसलो, हा माझा विक्रम आहे.

"लय बरं वाटलं," ते म्हणाले. "येतो. पन जरा थांब."

"कशासाठी?"

"मोठ्या मालकांचं वर्षश्राद्ध हाय म्होरल्या म्हयन्यात. धाकटं मालक म्हनलं, ते झालं की तुमचं बगू. जनरल मॅनेजरचं. ते एकदा झालं की मंग येतो. तुज्याकडं यायचं तर पद घिऊन यावं. रिकाम्या हातानं आलो तर लोक म्हनतील, बंडगरनं दयेनं ठेवला."

"आवं, मी देतोय की पद! तेच पद! मी मालक हाय!"

"तू देशील रं. पन त्यांनी द्यायचं ऱ्हायलंय. इतकी वर्सं थांबलो त्ये काय तसंच सोडून यायचं?"

मी ओरडलो. टपरीवाला बघायला लागला. मी त्यांना म्हणालो की ते तुम्हाला काही देणार नाहीत, हे या रस्त्यावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे. नानांनी बशी तोंडाला लावली, शांतपणे संपवली, पैसे दिले, माझेही दिले, आणि माझ्या दंडावर थोपटून रस्ता ओलांडून गेले.

फाटकावर नवा पहारेकरी होता. कारखान्यात आता ओळखपत्र लागायला लागलं होतं. नानांनी खिसे चाचपले. ओळखपत्र आत राहिलं असावं. पहारेकरी मान हलवत होता. नाना काहीतरी सांगत होते. त्याने फोन उचलला, आत कुणाला तरी विचारायला लागला. ज्या फाटकाचे खांब उभे करताना नानांनी स्वतः पाणी मारलं होतं, त्याच्या बाहेर ते उन्हात उभे राहिले. ना राग, ना लाज. कुणीतरी आतून होय म्हणेल याची वाट बघत. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी वळून हात केला. जा तू, मला वेळ लागेल, असा.

मी जीप सुरू केली, फाटकाला नेऊन भिडवली आणि हॉर्नवर हात दाबून धरला. पहारेकरी धावत आला, काय काय म्हणत होता. वरच्या खिडकीत टायवाला आला, त्याच्या मागे धाकटे मालक. मी हात काढला नाही. शेवटी त्यांनी वरूनच खूण केली आणि फाटक उघडलं.

नाना आत गेले. जाताना मान डोलवून पहारेकऱ्याचे आभार मानले. पहारेकऱ्याने फाटक लावून घेतलं तरी मी हॉर्न वाजवतच होतो.